कार्डांतलं विश्व, लेखांक ५ : ट्रोल मरत का नाही?

गेल्या लेखात आपण ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळातल्या पाच जमिनी पाहिल्या: मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि जंगल. जमिनीचं कार्ड आडवं केलं की माना, म्हणजे जादूची शक्ती मिळते आणि तिच्या जोरावर प्राणी पटावर उतरतात, हे तेव्हा लक्षात आलं. आज याच जमिनींवर राहणाऱ्या एका दांडग्या जातीची ओळख करून घेऊ. ती जात म्हणजे ट्रोल.

ट्रोल मूळचा नॉर्वे-स्वीडनकडच्या डोंगरांचा. अंगाने अवाढव्य, डोक्याने मंद, आणि कित्येक कथांत उन्हाचा किरण अंगावर पडताच दगड होणारा. पेटर आस्ब्यर्न्सेन आणि यॉर्गन मो यांनी 1841 पासून नॉर्वेच्या लोककथा छापायला सुरुवात केली आणि हा ट्रोल घरोघरी पोचला. 1937 साली टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’मधले तीन ट्रोल पहाट होताच दगड झाले, ते याच परंपरेतून.

कार्डातल्या ट्रोलची खूण मात्र वेगळी आहे: त्याची जखम आपोआप भरून येते. हा गुण पॉल अँडरसन यांच्या 1961 च्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतून 1974 च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आला. तोडलेला अवयव पुन्हा जुळतो, जाळलं तरच ट्रोल संपतो, अशी कल्पना. 1993 च्या ऑगस्टमध्ये रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक’ बाजारात आला, तेव्हा त्याच्या पहिल्याच संचात असे ट्रोल होते.

त्यातलं ‘उथडेन ट्रोल’ हे कार्ड घेऊ. तीन माना मोजून उतरवायचं, ताकद दोन, सहनशक्ती दोन. एवढ्यावर ते अगदी साधं वाटतं. पण त्यावर एक ओळ आहे: एक लाल माना द्या आणि ट्रोलला पुन्हा उभं करा. समजा, समोरच्याचा तीन ताकदीचा प्राणी चालून आला आणि तुम्ही त्याला ट्रोलने अडवलं. आता ट्रोल मरणार हे दिसतं आहे. घाव बसण्याआधी तुम्ही लाल मानासाठी डोंगराचं एक कार्ड आडवं करता. घाव बसतो, पण ट्रोल नष्ट होण्याऐवजी त्याच्या जखमा पुसल्या जातात, त्याचं कार्ड आडवं होतं आणि तो त्या झुंजीतून बाजूला होतो. पुढच्या डावात तो पुन्हा तयार.

नवे खेळाडू इथे एक गोष्ट विसरतात. पुन्हा उभं राहणं फुकट नाही. ट्रोल जगवायचा तर प्रत्येक डावात एक डोंगर न वापरता राखून ठेवावा लागतो. समोरच्याने हल्ला केलाच नाही, तर ती शक्ती वाया जाते. चांगला प्रतिस्पर्धी नुसत्या धाकानेच तुमचा डोंगर अडवून ठेवतो. शिवाय ट्रोलवर उतारेही आहेत. 1995 चं ‘इन्सिनरेट’ हे आगीचं कार्ड तीन घाव देतं आणि त्याचा घाव बसलेला प्राणी त्या डावात पुन्हा उभा राहू शकत नाही. ‘रॅथ ऑफ गॉड’ तर पटावरचे सगळेच प्राणी नष्ट करतं आणि कुणालाही उठू देत नाही. 2011 चा ‘थ्रुन’ हा शेवटचा ट्रोल म्हणून रंगवला आहे. प्रतिस्पर्ध्याला त्याच्यावर नेम धरता येत नाही, पण ‘रॅथ ऑफ गॉड’पुढे तोही टिकत नाही.

मला यातला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो पहिल्याच संचातला ‘सेज ट्रोल’. तुमच्याकडे दलदलीची जमीन असेल तर त्याची ताकद आणि सहनशक्ती एकेकाने वाढते, आणि त्याला पुन्हा उठवणारी काळी मानाही दलदलीतूनच येते. हे एक कार्ड राक्षसकथांचं मर्म सांगून जातं: राक्षस आपल्या जमिनीचा असतो.

आपल्या वऱ्हाडात हे पटायला वेळ लागू नये. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याच्या दरीशी कीचकाची कथा जोडलेली आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात अंग धुतलं, असं लोक सांगतात. जवळच्या उंच माथ्याला वैराट म्हणतात, कथेतल्या विराट राजाच्या नावाशी जुळणारं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर अशनीच्या आघाताने झालं; लोककथेत मात्र तिथे भूमीखाली लवणासुर दडला होता, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, आणि तळ्याचं पाणी हे त्याचं रक्त. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात तर दहा तोंडांच्या रावणाची काळ्या दगडातली मूर्ती पूजेत आहे. दरी, तळं, गाव: प्रत्येक कथेला पाय ठेवायला स्वतःची जमीन आहे.

‘मॅजिक’ने आपला राक्षसही घेतला आहे. 2014 च्या ‘खान्स ऑफ तारकीर’ संचातला ‘राक्षस डेथडीलर’ वाघतोंड्या आहे आणि ट्रोलसारखाच पुन्हा उभा राहतो. वाघाचं तोंड त्याला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून मिळालं. कार्ड खेळायला उत्तम आहे, पण आपल्या कुठल्याही राक्षसाची गोष्ट त्यात नाही.

म्हणून अमरावती-अकोल्यातल्या ज्या मुलामुलींना स्वतःची कार्डं काढावीशी वाटतात, त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: चित्राआधी कथा नीट वाचा, नियम तिच्यातूनच निघेल. कीचकाला पुन्हा उठण्याची शक्ती देऊ नका. महाभारतात तो राक्षस नाहीच. तो विराटाचा मेव्हणा आणि सेनापती आहे. उलट त्या राजाचाच सगळा जोर त्याच्या आधारावर. मग कार्डावर लिहा की कीचक पटावर असेपर्यंतच विराटाचं बळ दुप्पट. भीम अज्ञातवासात बल्लव नावाचा आचारी झालेला, तेव्हा त्याचं कार्ड उपडं ठेवा आणि द्रौपदीने हाक दिली की उलटा. लवणासुर भूमीखाली आहे, तोवर त्याच्यावर हल्ला करता येणार नाही. पुन्हा उभं राहायचा हक्क खऱ्या अर्थाने रक्तबीजाचा. त्याच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा असुर, आणि ते रक्त जमिनीवर पडू न देणारी चामुंडा हाच त्यावरचा उतारा. रावणाचं कार्ड करताना त्याला नुसता खलनायक करू नका. तो शिवभक्त आणि विद्वान आहे, आणि सांगोळ्यात त्याला हात जोडणारी माणसं आहेत.

राक्षसाला ताकद देणं सोपं असतं. ती कुठल्या मातीतून येते, तिची किंमत कोण मोजतं आणि ती कशाने संपते, ही तीन उत्तरं सापडली की कार्ड खरं होतं. ‘मॅजिक’च्या पहिल्या ट्रोलकडे ती तिन्ही होती, म्हणून इतक्या वर्षांनीही तो खेळावासा वाटतो. आपल्या कथांकडे तर ती केव्हापासून आहेत. ती कार्डावर उतरवायचं काम आपलं.

पुढच्या आठवड्यात: ड्रॅगन, आणि उडणाऱ्या प्राण्याला अडवायचं कसं.