बारा दिवसांचे वाङ्मयपर्व

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील कुसुमाग्रज स्मारकात वर्षभर व्याख्याने, काव्यवाचने, ग्रंथप्रकाशने आणि गायनाच्या बैठकी होत असतात. परंतु फेब्रुवारीच्या अखेरीस तेथे येणाऱ्या एका छोट्या कालखंडाचे महत्त्व वेगळे आहे. कविवर्य वि. वा. शिरवाडकर तथा कुसुमाग्रज यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ रोजी झाला आणि १० मार्च १९९९ रोजी नाशिकमध्येच त्यांनी जगाचा निरोप घेतला. या दोन तिथींमधले बारा दिवस म्हणजे नाशिककरांचे वाङ्मयपर्वच होय. कवीचा जन्मदिवस आता सर्वत्र ‘मराठी भाषा गौरव दिन’ म्हणून साजरा होतो. त्याच्या कर्मभूमीत मात्र त्या दिवसाला घरच्या कार्याचा जिव्हाळा लाभतो.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानची स्थापना १९९० मध्ये खुद्द कवीच्या हयातीत झाली. प्रतिष्ठानचा ‘जनस्थान पुरस्कार’ एक वर्षाआड मराठी साहित्यिकाला दिला जातो. त्याच्या मधल्या वर्षी ‘गोदावरी गौरव’ पुरस्कार दिले जातात. साहित्याबाहेरील क्षेत्रांची आठवण एका कवीने ठेवावी, हे या योजनेचे वैशिष्ट्य. लोकसेवा, विज्ञान, संगीत, चित्रशिल्प, रंगभूमी आणि क्रीडा अशा निरनिराळ्या क्षेत्रांतील कर्तृत्वाला ‘गोदावरी गौरव’ वंदन करतो.

जनस्थानच्या मानकऱ्यांची नावे पाहिली, की या व्यासपीठाचा विस्तार ध्यानी येतो. १९९१ मध्ये पहिला सन्मान नाटककार विजय तेंडुलकर यांना लाभला. पुढे विंदा करंदीकर, इंदिरा संत, गिरणी कामगारांच्या वस्तीतून आलेले नारायण सुर्वे, दलित जीवनाचा दाह शब्दांत आणणारे बाबूराव बागूल, शेतशिवाराचे कवी ना. धों. महानोर अशी ही परंपरा चालत आली. ही मंडळी एकमेकांशी सहमत होती असे नव्हे. अनेकदा त्यांचे पंथच भिन्न होते. तरीही एकाच पीठावरून प्रत्येकाचे म्हणणे आदराने ऐकले गेले. अनेकान्ताचे संस्कार लाभलेल्या जैन वाचकाला या ऐकण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

या वाङ्मयपर्वाशी जैन समाजाचा एक जुना धागाही जोडलेला आहे. कुसुमाग्रजांना १९८७ या वर्षासाठीचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तो देणारी ‘भारतीय ज्ञानपीठ’ ही संस्था उद्योगपती साहू शांतिप्रसाद जैन यांनी १९४४ मध्ये स्थापन केली आणि त्यांच्या पत्नी रमा जैन यांनी तिची धुरा वाहिली. संस्कृत, प्राकृत, पाली आणि अपभ्रंशातील दुर्लभ ग्रंथ संशोधून प्रसिद्ध करणे हा तिचा आरंभीचा हेतू होता. शांतिप्रसादजींच्या मातोश्रींच्या नावाने निघालेल्या ‘मूर्तिदेवी ग्रंथमाले’ने जैन वाङ्मयाची मोठी सेवा केली. त्याच संस्थेने १९६५ पासून सर्व भारतीय भाषांतील साहित्यिकांचा गौरव आरंभिला. मराठीत वि. स. खांडेकर यांच्यानंतर हा मान कुसुमाग्रजांकडे आला. व्यापारात मिळवलेले धन ग्रंथांकडे वळले, ग्रंथांतून साहित्यिकांच्या सन्मानापर्यंत पोहोचले. आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदान सांगणाऱ्या परंपरेला शोभणारेच हे कार्य झाले.

मराठीशी असलेले नाते तर याहून प्राचीन आहे. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींच्या चरणांशी कोरलेली मराठी अक्षरे ही या भाषेच्या अगदी आरंभीच्या लेखांत गणली जातात. महाराष्ट्री प्राकृतात जैन आचार्यांनी विपुल रचना केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरचे व्यापारी हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे पत्र मराठीतून चालवले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याच निर्णयात प्राकृताचाही समावेश होता. पेढीवरची भाषा आणि पोथीतली भाषा यांचा गौरव असा एकाच दिवशी झाला.

मग प्रश्न उरतो तो आजच्या घरांचा. अनेक कुटुंबांत घरी मारवाडी, गुजराती किंवा कच्छी, दुकानात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशी विभागणी झाली आहे. गिऱ्हाइकाशी अस्खलित मराठी बोलणाऱ्या आजोबांचा नातू मराठीचे पान वाचताना अडखळतो. भाषा भाव सांगण्यापुरती उरली, तर पुढील पिढीला ती दुकानापलीकडे कधी भेटणारच नाही. वास्तूसाठी देणगी देण्यात हा समाज कधी मागे राहिला नाही. मात्र सभागृहाची फरशी, पंखे आणि खुर्च्या धनाने येतात, श्रोता धनाने येत नाही. शिलालेखावर नाव कोरले गेले म्हणजे खाते बेबाक झाले, असे साहित्याच्या बाबतीत मानता येत नाही. ऐकणारा कुणी नसेल, तर उत्तमोत्तम व्यासपीठही मुकेच राहते.

अडचणी खऱ्या आहेत. हा काळ मार्चअखेरच्या हिशेबांचा. मुलांच्या परीक्षाही याच सुमारास येतात. कार्यक्रम बहुधा सायंकाळी असतात आणि चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावे लागते. दुकानाची खरी वर्दळही त्याच वेळी. तथापि, पर्युषणाचे आठ दिवस किंवा दशलक्षणाचे दहा दिवस यांचे नियोजन जो समाज वर्षानुवर्षे निष्ठेने करतो, त्याला बारा दिवसांतील दोन सायंकाळी राखून ठेवणे अशक्य नाही. सायंकाळचे भोजन लवकर उरकून घरातील एक वडीलधारी व्यक्ती आणि एक मूल अशी जोडी गेली, तरी पुरे. गल्ल्यावर त्या दिवशी धाकट्या भावाने बसावे, दुसऱ्या दिवशी थोरल्याने. परतल्यावर मुलाने ऐकलेले चार शब्द घरच्यांना सांगावेत. स्वाध्यायाची सवय असलेल्या घरात ही पद्धत नवी वाटू नये.

ज्यांना नाशिकला जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचतात. परदेशांतील मराठी मंडळींनीही त्यांचा लाभ घेतला आहे. स्थानकात, मंदिराच्या सभागृहात किंवा एखाद्या सोसायटीत वाचकांचा छोटा गट उभा राहिला, तर आपापल्या गावीही असे पर्व साजरे होऊ शकेल. येत्या २७ फेब्रुवारीस नव्या वहीच्या पहिल्या पानावर मुलांनी स्वतःच्या हाताने चार मराठी ओळी लिहाव्यात आणि आजोबांना वाचून दाखवाव्यात. आरंभ इतका साधा असला, तरी चालेल.