फ्रीजचा गॅस हवेत का सोडायचा नाही? – मेकॅनिकचे नियम, जे आपल्यालाही माहीत हवेत



१६ सप्टेंबरला आपण शाळेत ओझोन दिन साजरा करतो. मुलं निळी पृथ्वी काढतात, तिच्यावर छत्री काढतात, दोन-चार घोषणा लिहितात. मीही बरीच वर्षं हेच करून घेत होते. मग एके वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ते भोक आपल्या कशेडीतून कसं पडेल? इथे कुठे कारखाना आहे?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या घरचा जुना फ्रीज थंड होईना म्हणून मेकॅनिक आला. त्याने मागची बारीक नळी कापली आणि फुस्स असा आवाज आला. चार-पाच सेकंदांत सगळं शांत. "जुना गॅस काढला बाई, आता नवीन भरतो," तो म्हणाला.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्या आवाजात होतं. आजचा लेख त्या आवाजाबद्दलच आहे.

आधी थोडं विज्ञान

फ्रीज किंवा एसी थंडी 'तयार' करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे हमालीचं काम नळ्यांमधून फिरणारा गॅस करतो. त्याला शीतक म्हणतात, बोलताना आपण नुसतं 'गॅस' म्हणतो. हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. नळी कुठे फुटली नाही तर तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ नावाचा गॅस असे. तो सीएफसी गटातला, म्हणजे क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांचा बनलेला. जुन्या एसीत आर-२२ असतो, तो एचसीएफसी गटातला. हे गॅस जमिनीजवळ अगदी गरीब असतात, सहसा कशाशी अभिक्रिया करत नाहीत. म्हणूनच ते टिकतात आणि हळूहळू वर जातात. साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोनचा थर आहे. तिथे अतिनील किरणांनी त्यांचा रेणू तुटतो आणि क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचा रेणू मोडतो, स्वतः मोकळा होतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. असा एकच अणू सुमारे एक लाख ओझोन रेणू मोडू शकतो.

मारियो मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी हा धोका १९७४ साली सांगितला. अंटार्क्टिकावर ओझोन किती घटला आहे, ते १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. पुढे १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. आपण साजरा करतो तो दिवस हाच. १९९५ मध्ये मोलिना, रोलँड आणि पॉल क्रुट्झेन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या देशात काय झालं?

भारत १९९२ मध्ये मॉन्ट्रियल करारात सामील झाला. त्यानंतर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ओझोन क्षयकारी पदार्थांचे नियम २००० साली लागू झाले. या नियमांनी अशा गॅसचं उत्पादन, आयात-निर्यात, विक्री आणि वापर यांवर नोंदणीचं आणि मुदतीचं बंधन घातलं. टप्पे थोडक्यात असे :

- २००३ पासून नवीन फ्रीज-एसीमध्ये सीएफसी वापरणं बंद.
- १ ऑगस्ट २००८ पासून देशात सीएफसीचं उत्पादन बंद (औषधी वापराचा थोडा अपवाद सोडून).
- १ जानेवारी २०२० पासून फ्रीजच्या भिंतीतला फोम फुगवण्यासाठी लागणारा एचसीएफसी-१४१बी बंद.
- २०२५ पासून नवीन यंत्रं बनवताना एचसीएफसी वापरायचा नाही.
- २०३० नंतर आर-२२ फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता, तोही अगदी थोडा आणि २०४० पर्यंतच.

म्हणजे कारखान्यांचा नळ जवळजवळ बंद झाला आहे. उरलाय तो घराघरांत, दुकानांत, दवाखान्यांत भिंतीवर टांगलेल्या जुन्या यंत्रांतला गॅस. तो हवेत जाणार की सिलिंडरमध्ये, हे दिल्लीत ठरत नाही. पाना हातात घेतलेला मेकॅनिक आणि शेजारी उभं राहून "लवकर आटप रे" म्हणणारे आपण, हे ते ठरवतो.

मेकॅनिकचे नियम आणि त्यामागचं कारण

माझा एक माजी विद्यार्थी आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा कोर्स करून महाड, पोलादपूर, खेड असा फिरून कामं करतो. पुढच्या ओझोन दिनाला मी त्याला शाळेत बोलावलं. त्याने मुलांना जे सांगितलं ते खाली देते. प्रत्येक नियमाला 'का?' जोडलाय, कारण मुलं तेच विचारतात.

१. आधी पाटी वाचा. प्रत्येक यंत्रावर कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे लिहिलेलं असतं. ते न वाचता हात लावायचा नाही. का? आर-२२ च्या यंत्रात दुसरा गॅस मिसळला की यंत्र नीट चालत नाही आणि ते मिश्रण पुन्हा वापरण्याजोगं राहत नाही.

२. जुना गॅस काढून घ्या, सोडू नका. यासाठी रिकव्हरी मशीन असतं. ते गॅस ओढून वेगळ्या सिलिंडरमध्ये भरतं. अमेरिकेत सीएफसी आणि एचसीएफसी मुद्दाम हवेत सोडणं १ जुलै १९९२ पासून कायद्याने गुन्हा आहे, आणि असं काम करणाऱ्या तंत्रज्ञाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आपल्याकडेही एचसीएफसी कमी करण्याच्या कार्यक्रमात तंत्रज्ञांना हीच पद्धत शिकवली जाते.

३. सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरू नका. का? द्रव तापला की फुगतो. मे महिन्यात टेम्पोच्या हौद्यात उन्हात पडलेला सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. आत मोकळी जागा नसेल तर तो फुटू शकतो. म्हणून भरताना तो वजनकाट्यावर ठेवतात.

४. गळती शोधा, मगच गॅस भरा. नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की तिथे गळती. इथे ऑक्सिजन कधीच वापरायचा नाही. कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी दाबाखाली ऑक्सिजन आला तर स्फोट होतो.

५. व्हॅक्यूम पंप लावा. नळ्यांतली हवा आणि ओल बाहेर काढायला हा पंप लागतो. बरेच जण वेळ वाचवायला थोडा गॅस आत मारून हवा बाहेर ढकलतात. त्यात गॅसही हवेत जातो आणि ओलही पूर्ण निघत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेत किती दमटपणा असतो ते सांगायला नको. ती ओल बारीक नळीत गोठते, तेलात आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसर खाते. फ्रीज वर्षभरात पुन्हा बंद पडतो त्याचं हे एक कारण.

६. अंदाजाने नको, वजनाने भरा. पाटीवर १५० ग्रॅम लिहिलं असेल तर तेवढाच, काट्यावर मोजून.

७. स्वतःला जपा. आर-२२ उणे ४१ अंशांच्या आसपास उकळतो. हातावर उडाला तर चामडी गोठते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. खोलीत हवा खेळती हवी. आणि गॅस साठलेल्या जागी ज्योत पेटवायची नाही, कारण जळताना त्यातून विषारी वाफा निघतात.

८. पेटणारा गॅस चुकीच्या यंत्रात नको. नवीन फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. तो ओझोनला धोका नसलेला, पण स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा. आर-२९० चंही तेच. आर-३२ सुद्धा पेटू शकतो, पण तितक्या सहज नाही. ज्या यंत्राची रचना यासाठी केलेली नाही, त्यात 'स्वस्तात होईल' म्हणून असा गॅस भरणं म्हणजे घरात आग बोलावणं.

हे सगळं ऐकून एका मुलाने विचारलं, "दादा, तुम्ही दर वेळी असं करता?"

तो गप्प झाला. मग खरं बोलला. "मशीन महाग असतं रे. ते लावायचं तर तास-दीड तास जादा जातो. गिऱ्हाईक म्हणतं, समोरचा पाचशे कमी घेतो. मग कधी कधी..." पुढचं त्याने सांगितलं नाही. पण मुलांना कळलं, आणि मलाही. नियम त्याला माहीत आहेत. ते पाळायला लागणारा वेळ आणि पैसा आपण त्याला देत नाही.

महाडचा पूर आणि रस्त्यावरचे फ्रीज

आता आपल्या भागातली गोष्ट. जुलै २०२१ मध्ये महाड शहरात सावित्रीचं पाणी शिरलं. त्याच पावसात तळीये गावावर दरड कोसळली. त्या दिवसांत माणसं वाचवणं हेच पहिलं काम होतं, दुसरं काही सुचण्याची ती वेळ नव्हती.

पाणी ओसरल्यावर मात्र एक दृश्य मी पाहिलं. घरोघरचं भिजलेलं सामान रस्त्याकडेला पडलेलं, त्यात चिखलाने भरलेले फ्रीज. काही जण तांब्यासाठी त्यांच्या नळ्या तोडत होते. त्यांना दोष देता येत नाही, त्यांचं पोट त्यावर चालतं. पण तोडलेल्या प्रत्येक नळीतून तोच 'फुस्स' झाला असणार. ज्यांचा फोम फोडला गेला, त्यातल्या जुन्या फ्रीजच्या फोममध्येही असेच गॅस कोंडलेले असतात.

आता ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रीज आणि एसी येतात. म्हणून जुनं यंत्र न फोडता, अख्खं, अधिकृत ई-कचरा केंद्राला द्यावं किंवा नवीन घेताना एक्स्चेंजमध्ये द्यावं. पूर आपल्याकडे पुन्हाही येईल. पुरानंतरच्या सफाईत फ्रीज वेगळे काढून ठेवायचे, एवढं तरी ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या आपत्ती नियोजनात लिहून ठेवता येईल.

पालकांनी मेकॅनिकला विचारायचे चार प्रश्न

१. गळती कुठे सापडली? (गॅस 'संपत' नाही, तो गळतो. दर वर्षी नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं.)
२. जुना गॅस कशात काढून घेणार?
३. व्हॅक्यूम पंप आणलाय का?
४. किती ग्रॅम भरला, ते बिलावर लिहाल का?

आणि हे विचारल्यावर जास्तीचे पैसे लागले तर घासाघीस करू नका. गळती नीट काढलेली असेल तर पुढच्या वर्षीचा खर्च वाचतो.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

मुलांना घरच्या फ्रीजवरची पाटी मोठ्या माणसाच्या मदतीने वाचून आणायला सांगा. फ्रीज हलवायचा नाही, नळ्यांना हात लावायचा नाही. गॅसचं नाव आणि वजन वहीत लिहायचं. फळ्यावर तीन रकाने करा : आर-१२, आर-१३४ए, आर-६००ए. कोणता गॅस किती घरांत आहे ते मोजा.

मग एक गणित द्या. हे गॅस पृथ्वी तापवतातही. १०० वर्षांच्या हिशेबाने १ किलो आर-१२ सुमारे १०,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो, आर-२२ सुमारे १,८१० किलो, आर-१३४ए सुमारे १,४३० किलो. एका जुन्या फ्रीजमधला १५० ग्रॅम आर-१२ सुटला तर?

०.१५० × १०,९०० = १,६३५ किलो.

उत्तर आलं की आमच्या वर्गात एकदम शांतता पसरली होती. चार सेकंदांच्या आवाजात दीड टनाहून जास्त!

इथे मुलांना हेही सांगा की आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवामान तापवतो. गाड्यांच्या एसीत हा असतो. कशेडी घाट चढणाऱ्या किंवा बोगद्यातून जाणाऱ्या किती गाड्यांत तो असेल, विचार करा. म्हणून २०१६ मध्ये किगाली इथे करारात दुरुस्ती झाली. भारताने २०२१ मध्ये ती मान्य केली. २०३२ पासून आपण हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करणार आहोत, २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी.

शेवटी

ही गोष्ट निराशेची नाही. ओझोनचा थर भरून येतोय. ठरलेलं सगळं पाळलं तर जगाच्या बहुतेक भागावर तो २०४० च्या आसपास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाचा अंदाज आहे. आज नववीत असलेली मुलं तेव्हा आजी-आजोबा झालेली असतील.

त्यातली काही मुलं आयटीआयला जातील, काही एसीची कामं करतील. त्यांना हे नियम पहिल्यांदा नोकरीत कळण्याऐवजी शाळेत कळले तर बरं. आणि बाकीची मुलं गिऱ्हाईक होतील. त्यांनी "लवकर आटप" न म्हणता "नीट कर, वेळ लागू दे" म्हटलं, तरी ओझोन दिनाचं सार्थक झालं.

तुमच्या वर्गातल्या पाट्यांची मोजणी काय निघाली, ते नक्की कळवा.