वर्सोव्याचा किनारा

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील वर्सोव्याचा किनारा सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. त्याच्या उत्तर टोकाला, कोळीवाड्याच्या पलीकडे, मालाडची खाडी समुद्राला मिळते. उपनगरातील नाल्यांनी खाडीत आणलेला कचरा ओहोटीबरोबर समुद्रात जातो आणि भरतीबरोबर माघारी येऊन वाळूवर पडतो. २०१५ साली काही ठिकाणी हा थर पाच फुटांपर्यंत चढला होता आणि खालची वाळू दिसेनाशी झाली होती.

त्या वर्षी ऑक्टोबरात या भागात नव्याने राहायला आलेले वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी या दोघांनीच कचरा उचलायला सुरुवात केली. शाह घरोघर जाऊन लोकांना बोलावत राहिले. हळूहळू कोळी बांधव, झोपडपट्टीतील रहिवासी, विद्यार्थी, सिनेकलावंत असे शेकडो लोक शनिवार-रविवारी येऊ लागले. किनाऱ्यालगतची सार्वजनिक शौचालयेही त्यांनी धुऊन रंगवली. ही बाब सहसा दुर्लक्षित राहते, पण ती महत्त्वाची आहे: शौचालय वापरण्याजोगे नसेल तर किनारा स्वच्छ राहणे शक्यच नाही.

असे काम नुसते वेचून होत नाही. पिशवी वाळूत रुतते, तिच्यावर पुन्हा वाळू बसते, त्यावर दुसरी पिशवी येते. वरचे टोक धरून ओढले तर पिशवी फाटते आणि उरलेली आत राहते. म्हणून फावड्याने खणावे लागते. उन्हाने कडक झालेल्या प्लास्टिकचा हात लागताच चुरा होतो, आणि हा चुरा वाळूतून वेगळा काढणे जवळजवळ अशक्य असते. मासेमारीची तुटलेली जाळी आणि दोर वाळूत इतके गुंतलेले असतात की एक जाळे सोडवायला अनेक हात लागतात. हे सारे भरती चढण्यापूर्वी आटोपायचे असते. हातांनी काढलेले ढीग वाहून नेण्यासाठी महापालिकेची यंत्रे आणि वाहने आवश्यक ठरतात. शिवाय ओल्या, वाळूने भरलेल्या प्लास्टिकला भंगारात भाव मिळत नाही. वेफर्स-बिस्किटांच्या अनेक पदरी वेष्टनांचा पुनर्वापर तर कोरडी असतानाही अवघड असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ मध्ये शाह यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ५० लाख किलो कचरा निघाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वयंसेवकांना झालेला त्रास आणि उचलला न गेलेला कचरा यांमुळे मोहीम काही काळ थांबली, मग पुन्हा सुरू झाली. मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले या वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे गेली. मादीला घरटे खणायला मोकळी वाळू लागते आणि इवल्याशा पिल्लांना पाण्यापर्यंत अडथळा नसलेली वाट; म्हणून हे दृश्य कोणत्याही सन्मानापेक्षा मोठे मानायला हवे.

तरीही दर पावसाळ्यात नैऋत्येचे वारे आणि उधाणाच्या लाटा समुद्रातला कचरा पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. नाल्यांतून येणारा ओघ चालू आहे तोवर किनारा कितीही वेळा उपसला तरी भरतच राहणार. त्यामुळे स्वयंसेवकांचे काम पुढे मिठी नदीच्या काठापर्यंत आणि वस्त्यांपर्यंत गेले. तिथे कचरा पाण्यात पडण्याआधीच घरोघरी ओला-सुका वेगळा केला, तर प्लास्टिक कोरडे आणि स्वच्छ हाती येते आणि त्यातले बरेचसे पुनर्वापरासाठी देता येते.