टपावरून कळतं गाडीचं साल

केंद्र सरकारनं २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्यामुळं एक प्रश्न आता नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. वाड्यामागच्या पडवीत वर्षानुवर्षं पडलेला, बॅज नाही, जाळी नाही, दिवे नाहीत असा पत्र्याचा सांगाडा कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या सालचा?

फोटो टाकताच नाव सांगणाऱ्या ॲप्सचा सध्या फार गवगवा आहे. ती ओळखतात ते गाडीचं तोंड, म्हणजे जाळी, दिवे आणि बॅज. नेमके हेच भाग आधी चोरीला जातात, नाहीतर दुसऱ्या गाडीचे आणून बसवलेले असतात. आजचा सतरा अंकाक्षरांचा चासी नंबर अमेरिकेत सक्तीचा झाला १९८१ मध्ये. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत. मग विचारायचं कोणाला? पत्र्यालाच. पत्रा काय करू शकत होता, हे त्या-त्या काळच्या पोलाद कारखान्यांनी ठरवलेलं असतं, आणि ते सहसा कोणी बदलत नाही.

सगळ्यात बोलकं असतं छप्पर. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या बंद अमेरिकी गाड्यांचं टप आतून पाहिलं, तर मधोमध मोठं चौकोनी भोक दिसतं. त्यावर लाकडी पट्ट्या, जाळी आणि वरून डांबरी लेप दिलेलं कापड ताणून बसवलेलं असे. कापड केव्हाच कुजून गेलेलं असतं. उरते ती भोकाच्या कडेनं गेलेली खिळ्यांच्या छिद्रांची ओळ. छपराला भोक ठेवणं ही काही फॅशन नव्हती. संपूर्ण टप एकाच तुकड्यात दाबून काढता येईल एवढा रुंद पत्राच तेव्हा मिळत नव्हता.

पत्रे पूर्वी हातगिरणीत लाटले जात. चिमट्यांनी तापलेला पत्रा रुळांत सारायचा, पलीकडच्यानं तो परत द्यायचा, असं पुन्हा पुन्हा. यातून मार्ग काढला जॉन टायटसनं, आणि या माणसाचं नाव मोटारींच्या इतिहासात जवळजवळ कुठंच येत नाही याची खंत वाटते. ओहायोतल्या मिडलटाउनचा हा तरुण येलचा पदवीधर. घरचा धंदा कागदाचा. कागदाचा अखंड पट्टा यंत्रातून धावताना त्यानं लहानपणापासून पाहिला होता. १९०४ मध्ये तो पोलाद कारखान्यात साधा कामगार म्हणून लागला आणि पोलाद तसंच का धावू नये, या प्रश्नानं त्याला धरलं ते सोडलंच नाही.

अडचण अशी, की रुळांतून सलग जाणारी पोलादाची पट्टी एका बाजूला सरकते. लाटणं एकीकडे जास्त दाबलं की पोळी गर्रकन फिरते, तेच इथं होतं. आधीच्या लोकांची धडपड पट्टी पहिल्यापासून अगदी सपाट काढण्याची होती. टायटसनं उलटं केलं. पट्टी मध्यभागी किंचित जाड ठेवायची आणि प्रत्येक टप्प्यावर तो फुगवटा थोडाथोडा कमी करत न्यायचा. मधला फुगवटा रुळांच्या खोलगट भागात बसतो, म्हणून पट्टी आपली जागा सोडत नाही. १९२४ साली केंटकीतल्या ॲशलंड इथं अशी गिरणी चालू झाली. पुढच्या दहा वर्षांत पट्ट्या रुंद होत गेल्या आणि १९३५ च्या मॉडेलांसाठी जनरल मोटर्सनं ‘टरेट टॉप’ आणलं, म्हणजे एकसंध पोलादी छप्पर. जाहिरातींत श्रेय मिरवलं ते बॉडी बनवणाऱ्या फिशरनं.

जनरल मोटर्सच्या गाड्या १९२८ पासून मुंबईत शिवडीला जोडल्या जात, त्यामुळं इकडच्या सांगाड्यांत त्याच कंपनीची शेवरले निघण्याची शक्यता बरीच. समजा टप अखंड आहे. मग पुढच्या दाराच्या बिजागऱ्या पाहाव्यात. १९३५ च्या शेवरले ‘मास्टर डीलक्स’मध्ये त्या मागच्या खांबावर असत, म्हणजे दार उलटं उघडे, १९३६ मध्ये त्या पुढं गेल्या. पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा, किंवा वाळवीनं तो खाल्ला असेल तर त्याच्या स्क्रूंची भोकं सापडली, तर गाडी १९३७ च्या आधीची. त्या साली शेवरलेची बॉडी पूर्ण पोलादी झाली. दुरुस्तीत लांबी भरून, रंगाचे थर चढवून बाहेरचा आकार झाकता येतो. आतली ही भोकं मात्र बहुतेक वेळा तशीच राहतात.

भोकवालं छप्पर दिसलं की ‘१९३५ च्या आधीची’ असा शिक्का मारण्याची घाई मात्र करू नये. १९३५ च्याच स्वस्त ‘स्टँडर्ड’ शेवरलेला जुनं कापडी टप होतं, आणि फोर्डनं आपल्या सेडानला पूर्ण पोलादी छप्पर दिलं ते थेट १९३७ मध्ये. म्हणून आधी कंपनी ठरवावी आणि मग साल. बॉडीखाली चासी शिल्लक असेल तर हे सोपं आहे: मागचे पाटे एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे आडवे असतील तर फोर्ड, कारण १९४८ पर्यंत त्यांनी ती पद्धत सोडली नाही, शेवरलेचे मागचे पाटे गाडीच्या लांबीच्या दिशेनं असतात.