पिंग लागतो, डोमेन मात्र सापडत नाही

नवा कॉम्प्युटर टेबलावर आला, केबल लागली, इंटरनेट सुरू झालं. डोमेन कंट्रोलरच्या आयपी पत्त्यावर पिंग मारला, तर उत्तर लगेच हजर. मग डोमेनला जोडायला जावं, तर विंडोज म्हणते, डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही. अहो, आत्ताच तर झाला!

पण विंडोज खोटं बोलत नाही. कंट्रोलरचं नाव किंवा पत्ता आपल्याला ठाऊक असतो, कॉम्प्युटरला नाही. त्याला फक्त डोमेनचं नाव दिलेलं असतं. म्हणून तो डीएनएसला विचारतो: या डोमेनचा कारभार कोण बघतं? उत्तर असतं एसआरव्ही नावाच्या नोंदीत: कोणता सर्व्हर, कोणतं पोर्ट (एलडॅप सेवेचं ३८९), सर्व्हर अनेक असतील तर आधी कुणाकडे जायचं आणि कुणावर किती भार टाकायचा. या नोंदींची नावं अंडरस्कोअरने सुरू होतात. यंत्रांच्या रीतसर नावांत हे चिन्ह चालत नाही, त्यामुळे यंत्र आणि सेवा यांची गल्लत होत नाही. केवढीशी रेघ, पण काय डोकं लढवलंय!

विंडोज २००० येण्याआधी, विंडोज एनटीच्या काळात, नावातून सेवा ओळखायचं हे काम एका बाइटवर भागायचं. नेटबायोस पद्धतीच्या नावात अक्षरं पंधरा, आणि सोळावा बाइट सेवा कोणती ते सांगायला.

डोमेन सापडत नाही तेव्हा घोटाळा बहुतेक वेळा एकाच जागी असतो: नेटवर्क कार्डच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून राउटर किंवा गूगलचा ८.८.८.८ बसलेला असतो. त्याला सगळं जग माहीत, तुमच्या ऑफिसातलं डोमेन सोडून. मग कुणीतरी शहाणपणा करून आतला सर्व्हर पहिला आणि ८.८.८.८ दुसरा ठेवतं. इथे खरा पेच आहे. 'असं नाव नाही' हेही डीएनएसच्या लेखी पूर्ण उत्तरच असतं. पहिला सर्व्हर क्षणभर गप्प राहिला, दुसऱ्याने 'नाही' म्हटलं, की शोध तिथेच थांबतो. सकाळी जोडलं जातं, दुपारी नाही, ते यामुळेच. डीएनएस फक्त आतलाच ठेवावा. बाहेरची नावं तोच पुढे विचारून आणतो.

सेटिंग सुधारलं की एनएसलुकअप या कमांडने एसआरव्ही नोंद मागून पाहावी. ती मिळते आणि तरी जोडणी होत नाही, असंही घडतं, कारण एनएसलुकअप विंडोजची कॅश बघतच नाही. आधीचा 'नाही' अजून कॅशमध्ये बसलेला असू शकतो. आयपीकॉन्फिगच्या फ्लशडीएनएसने तो निघतो.

आणि नोंदच गायब असेल तर? कंट्रोलरवरची नेटलॉगॉन सेवा बंद करून पुन्हा सुरू करा, ती स्वतःच्या नोंदी डीएनएसमध्ये नव्याने लिहिते. त्या नोंदींची यादी तिथेच, सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरात, नेटलॉगॉन.डीएनएस या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते. नोटपॅडमध्ये उघडून खुशाल वाचावी.