काळा फेझंट

इंग्लंडमध्ये शेताच्या बांधावर काळा फेझंट पाहिला तेव्हा मला ती वेगळीच जात वाटली. पण तसं नाही. फेझंट हा आपल्या मोराचा, रानकोंबड्याचा भाऊबंद, मूळचा आशियातला. नर एरवी तांबूस, बहुधा गळ्यात पांढरा पट्टा. अंगातलं काळं रंगद्रव्य आनुवंशिकतेनं वाढलं, की तोच हिरवट-निळसर झाक असलेला काळा होतो आणि पट्टा नाहीसा होतो.

ब्रिटनमध्ये दरवर्षी कोट्यवधी फेझंट वाढवून उन्हाळ्यात शिकारीसाठी रानात सोडतात. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा त्यांच्या शिकारीचा हंगाम. सोडताना काहीजण मुद्दाम थोडे काळे मिसळतात. लांबून ओळखू येत असल्यानं आपले पक्षी कुठवर भटकले, हे राखणदाराला कळतं. म्हणजे मी कौतुकानं पाहिलेला तो पक्षी दुर्मीळ पाहुणा नव्हता. कदाचित कुणाच्या तरी खुणेचाच होता.