इंजिन उघडण्याआधी

तळोद्याहून धडगावकडे निघालं की चांदसैली घाट लागतो, आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर ठणठणीत पळणारा जुना ट्रक तिथे उघडा पडतो. मिसिंग करतो, दम सोडतो, मागे धुराचा लोट. एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून नोकरी संपवून मी इथे रस्त्याकडेला पत्र्याचं गॅरेज टाकलं, तेव्हापासून अशीच गिऱ्हाइकं जास्त. "मिस्तरी, गाडी वढत नई," एवढंच ड्रायव्हर सांगतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला: भाऊ, गाडीत शेवटचं काय बदललं?

कारण जुनी गाडी कंपनीतून आली तशी कुणी राहू देत नाही. फाळके उंच होतात, टायर मोठे येतात, जुनं ६९२ इंजिन उतरवून ६९७ बसतं. (पहिला ६ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ आणि ९७ हा बोअरचा व्यास मिलिमीटरमध्ये. एक पावणेपाच लिटरच्या आसपासचं, दुसरं साडेपाचच्या वरचं.) वर टर्बो चढतो, चेसिसला डिझेलची दुसरी टाकी लटकते. रेडिएटर मात्र जुनाच. मला या जुगाडाचा राग नाही, त्यावर माझं घर चालतं. पण बिघाड बहुतेक वेळा शेवटचा हात लागला तिथेच सापडतो.

डिझेल इंजिनाला प्लग नसतो. पिस्टन हवा दाबून साधारण सतराव्या हिश्श्याएवढी करतो, तेवढ्यानेच ती पाचशे अंशांपलीकडे तापते. त्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं आणि तो आपोआप पेट घेतो. म्हणजे हवेचा दाब, डिझेलचा फवारा आणि त्याची वेळ, यातलं एक जरी चुकलं तरी तो सिलिंडर नुसता वर-खाली होतो, जोर देत नाही.

एक केळीचा ट्रक आठवतो. टर्बोवालं ६९७, वर दुसरी टाकी. भरलेला असताना घाटात थोडं चढलं की मिस मारायचा आणि बंद पडायचा. ड्रायव्हर हँडपंप मारून दहा मिनिटं थांबला की पुन्हा चालायचा. कुणीतरी 'बोअर-रिंग गेले' असं सांगून ठेवलेलं, आणि मालक पैशांची जुळवाजुळव करून आलेला. मी म्हटलं, दादा, झिजलेली रिंग दहा मिनिटं विसावा घेऊन बरी होत नाही. शिवाय पहाटेच्या गारठ्यातही इंजिन अर्ध्या सेल्फवर सुरू व्हायचं, ब्रीदरमधून धूर नव्हता. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाची ही लक्षणं नव्हेत.

मग टाकीलाच रजा दिली. डिझेलचा डबा फीड पंपापेक्षा उंचावर घट्ट बांधला, पंपाचा पाइप त्यात सोडला, रिटर्नचा पाइपही त्यातच, आणि माल तसाच ठेवून चढावर नेला. एकदाही मिस नाही. म्हणजे पंप, नोझल, रिंग सगळे निर्दोष. दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच अंतरात. दुसऱ्या टाकीच्या टी-जॉइंटवरचा रबरी पाइप क्लिपखाली चिरलेला निघाला. पंपाकडून नोझलकडे जाणारा पाइप फुटला तर डिझेल उडतं, दिसतं. इथे पंप खेचत असतो, म्हणून डिझेल बाहेर न येता हवा आत शिरते. खाली थेंबही पडत नाही. चढावर पूर्ण भाराने डिझेल जास्त लागतं, खेच वाढते आणि चीर तेव्हाच हवा घेते. पाइपचा वीतभर तुकडा आणि दोन क्लिपा, एवढ्यावर काम झालं.

पावसाळ्यात याच लक्षणाचं आणखी एक कारण सापडतं: पाणी जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी. झाकणाचं हवेचं छिद्र बंद होतं आणि टाकीत निर्वात होतो. झाकण उघडताच 'फुस्स' आवाज आला आणि गाडी चालायला लागली, तर पुढे काही शोधू नका.

डब्यावरही मिसिंग राहिली तर कोणता सिलिंडर मेला ते पाहावं. इंजिन सावकाश चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करायचा. जिथे आवाज पडतो तो सिलिंडर जिवंत. जिथे काहीच फरक पडत नाही तो मेलेला. त्याचं नोझल शेजारच्याशी बदलून पाहा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागेवरच राहिला तर टॅपेट, व्हॉल्व्ह किंवा पंपाचा तो एलिमेंट.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवला की गाडी चार दिवस धावते, मग पिस्टन जळतो. टर्बोनंतरचा होज फाटला तरी धूर तसाच. पण तोरणमाळला, हजार मीटरच्या वर, हवाच दहा टक्क्यांहून जास्त विरळ असते. बिनटर्बोची गाडी तिथे धुरकटली तर पंपवाल्याच्या दारात जायचं कारण नाही. निळसर धूर दिसला, तरच रिंगांची चर्चा.

कित्येकदा इंजिनाचा संबंधच नसतो. ब्रेक धरून राहतो; गाडी चालवून आल्यावर चारही बाजूंचे हब हाताने जवळून चाचपले की कुठला तापलाय ते कळतं. एक्झॉस्ट ब्रेकची पाकळी गंजून अर्धी मिटलेली असते. मोठ्या टायरांमुळे गिअर जड पडतो.

इंजिन बदललं असेल तर ते आरटीओकडून नोंदवून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेसला न्यावंच लागतं, तेव्हा पुस्तकातला आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही तर गाडी अडकते.

आणि पाइप सैल करायचा प्रयोग फक्त जुन्या मेकॅनिकल पंपावर, तोही हात आणि डोळे दूर ठेवून. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब हजार बारच्या वर जातो. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो. त्या गाडीच्या पाइपला पाना लावू नका.